धूळ, दिवे आणि आकाश

ज्या वस्तूचे जाणे कुणाला जाणवतच नाही, ती वस्तू गेली असे म्हणता येईल काय? चोराने पेटीतून दागिना नेला आणि मालकाला त्या दागिन्याची आठवणच नसेल, तर चोरी झाली हे खरे. पण मालकाचे काही नुकसान झाले काय? तर्कशास्त्राच्या वर्गात असले प्रश्न निघतात आणि तास संपला की तेथेच राहतात. आखातातील शहरांत रात्री मान वर करून पाहिली तेव्हा मात्र हा प्रश्न आमच्या मागे लागला, आणि घरी परतल्यावरही त्याने आमची पाठ सोडली नाही.

आपल्या धर्मग्रामांत ज्यांच्या घरातील कुणीच आखात पाहिलेले नाही, अशी कुटुंबे थोडीच असतील. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, तिकडे बांधकामे निघाली आणि आपली माणसे कुवेत, बहारीन, दोहा, दुबई, मस्कत येथे जाऊ लागली. त्यांच्या घामाच्या पैशांतून इकडे घरे उभी राहिली, भावंडे शिकली, बहिणींची लग्ने लागली. आता त्यांची मुले तेथे आहेत, आणि आमच्यासारखी निवृत्त माणसे त्यांच्याकडे महिना-पंधरा दिवस पाहुणचार घेऊन येतात. आम्हा उभयतांचे असे तीनदा जाणे झाले. विमानात बसताना मनात एक जुनी अपेक्षा होती. वाळवंट म्हटले की कोरडी हवा, मोकळी क्षितिजे आणि ताऱ्यांनी खच्चून भरलेले आकाश. अब्राहामाला देवाने तंबूबाहेर नेऊन तारे मोजण्यास सांगितले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा लहानपणी ऐकलेली. त्या वचनाचा सारा भार एका गोष्टीवर आहे: मोजणाऱ्याला मोजता येऊ नये.

२०२४ च्या जानेवारीत दुबईत एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभे राहून आम्ही तारे मोजले. एकतीस भरले. गुरू तेजाने तळपत होता, पण तो ग्रह, म्हणून वगळला.

असे का होते, हे समजून घेणे अवघड नाही. आखाताच्या शहरांवर दोन पडदे असतात. पहिला धुळीचा. वायव्येकडून येणारा ‘शमाल’ नावाचा वारा इराकच्या सपाट प्रदेशातून बारीक धूळ उचलून आणतो. उन्हाळ्यात तो आठवडाभर वाहिला तर सूर्यसुद्धा पिठूळ दिसतो. कुवेतला आम्ही असा एक दिवस पाहिला. भर दुपारी मोटारींचे दिवे लागलेले आणि दातांखाली वाळूची कचकच. त्यात समुद्र उथळ आणि तापलेला, त्यामुळे रात्री हवेत दमटपणा साचतो. धूळ आणि बाष्प मिळून जे धुरके बनते ते क्षितिजाजवळ सर्वांत दाट असते, कारण तेथे आपली नजर हवेच्या फार लांब थरातून जाते. म्हणून धुरकट शहरात तारे पाहायचे तर सरळ डोक्यावर पाहावे. क्षितिजालगतचे तारे अशा हवेत सहसा हाती लागत नाहीत.

दुसरा पडदा दिव्यांचा. पहिला पडदा त्याला बळ देतो. दिव्याचा प्रकाश वर जातो, धुळीच्या कणांवर आपटतो आणि खाली परततो. स्वच्छ हवेत जो प्रकाश निसटून गेला असता तो शहरावर तंबूसारखा ताणून राहतो. २०१६ साली जगातील कृत्रिम रात्रप्रकाशाचा एक नकाशासंग्रह शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, असे त्यात निघाले. जेथे आकाश इतके उजळ असते की माणसाचा डोळा अंधाराला पुरता सरावतच नाही, अशा आकाशाखाली सिंगापूरची सारी लोकसंख्या राहते. त्याच्या पाठोपाठ नावे येतात ती कुवेत (९८ टक्के), कतार (९७ टक्के) व संयुक्त अरब अमिरात (९३ टक्के) यांची. युरोप-अमेरिकेच्या महानगरांना मागे टाकून वाळवंटातील देशांनी हा क्रमांक मिळवला आहे.

गच्चीवर आमच्यासोबत आमचा पुतण्या होता. उंच इमारतींच्या दर्शनी रोषणाईची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो पर्यवेक्षक आहे. आम्ही मृग नक्षत्र दाखविले, त्याच्या पट्ट्यातील तीन तारे दाखविले, खाली डावीकडे व्याध दाखविला, आणि मग बोलता बोलता त्या सर्व दिव्यांवर थोडे तोंडसुख घेतले. तो शांतपणे म्हणाला, “काका, हे दिवे विझले तर मला तुमच्याबरोबरच परतीच्या विमानात बसावे लागेल.”

या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही, आणि ज्याला ते सोपे वाटते त्याने आखातातील एखाद्या कामगाराच्या खोलीत एक रात्र काढावी. आपल्या गावात ज्या घरांच्या गच्च्यांवरून आम्ही लहानपणी आकाश पाहिले, त्यांतील कित्येक गच्च्या त्याच दिव्यांच्या पैशातून बांधलेल्या आहेत. रात्रपाळी संपवून एकटी घरी जाणारी परिचारिका उजळलेल्या रस्त्यावरून निर्धास्त चालते, हेही त्या दिव्यांचेच देणे. अंधाराची थोरवी गाणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याला अंधारात चालावे लागत नाही. तेव्हा ताऱ्यांच्या नावाने दिव्यांवर सरसकट आग पाखडण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो आणखी बोचतो तो त्या भूमीचा इतिहास आठवला म्हणजे. आज जगभर ताऱ्यांची जी नावे चालतात त्यांतील फार मोठा भाग अरबी आहे. रोहिणीला युरोपीय लोक ‘अल्डेबरान’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मागून येणारा, कृत्तिकांच्या मागोमाग येणारा. अभिजित म्हणजे ‘वेगा’, झेपावणारे गिधाड किंवा गरुड. श्रवण म्हणजे ‘अल्टेर’, उडता गरुड. मृगातील ‘रायगेल’ म्हणजे पाय. इराणात इस्फहान येथे वेध घेणाऱ्या अब्द अल-रहमान अल-सूफी याने ९६४ साली स्थिर ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात देवयानी नक्षत्रातील एका लहानशा ‘ढगा’ची नोंद केली. तो ढग म्हणजे सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दुसरी आकाशगंगा, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. दुर्बिणीवाचून केवळ डोळ्यांनी त्याने ती पाहिली होती. आखातातील आजच्या कोणत्याही मोठ्या शहरातून ती तशी दिसणे शक्य नाही.

दुबईपासून तासाभराच्या वाटेवर रास अल-खैमा आहे. तेथे पूर्वी जुल्फार नावाचे बंदर होते. अहमद इब्न माजिद हा पंधराव्या शतकातील थोर नाविक तेथला. (वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतची वाट त्यानेच दाखविली, ही कथा आपल्याकडे अजून सांगतात, इतिहासकार ती आता मानीत नाहीत.) त्या काळचे अरब नाविक हिंदी महासागरात ताऱ्यांची उंची बोटांनी मोजीत. ‘बोट’ हेच त्यांचे माप होते. गाठी मारलेली दोरी आणि लाकडाची एक फळी, एवढ्या साधनावर ते मलबारचा किनारा गाठीत. अशा नाविकांच्या बंदरांच्या जागी आज जी शहरे उभी आहेत, त्यांतील मुलाला सप्तर्षी पुस्तकातील चित्रात पाहावे लागतात.

आणि सुहैल. या ताऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्यावाचून आम्हाला राहवत नाही, कारण तो दोन्ही किनाऱ्यांचा आहे. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी तारा तोच. आखातात साधारण २४ ऑगस्टच्या सुमारास तो पहाटे आग्नेय क्षितिजावर पहिल्यांदा दिसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथले लोक या उदयावरून उन्हाळ्याची धार बोथट होऊ लागली असे समजत आले. आपल्याकडेही पावसाळा ओसरताना अगस्त्याचा उदय झाला की नदी-तळ्यांचे गढूळ पाणी निवळते अशी समजूत आहे. तिकडे उष्मा उतरतो, इकडे पाणी निवळते; तारा एकच. आता गंमत अशी की, हा तारा आकाशात फार दक्षिणेला आहे. दुबईहून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त बारा अंश वर चढतो, कुवेतहून जेमतेम आठ. म्हणजे धुरके जेथे सर्वांत दाट, नेमका तेथेच तो असतो. ज्या ताऱ्यावर साऱ्या आखाताचे ऋतुमान टांगलेले होते, त्याच्या उदयाची वार्ता आज बहुतेक लोक वर्तमानपत्रात वाचतात. त्याला प्रत्यक्ष पाहिलेले कुणी आहे का, असे आम्ही दोह्यात आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत विचारले. सर्वांना नाव ठाऊक होते. पाहिलेला एकानेही नव्हता, आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नव्हते.

येथे आम्ही पुन्हा आरंभीच्या प्रश्नापाशी येतो. ज्यांना उणीव भासत नाही त्यांची हानी झाली असे म्हणणारे आम्ही कोण? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हजारो सामान्य लोकांनी केलेल्या निरीक्षणांवरून असे आढळले की रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. ज्या ठिकाणी मूल जन्मले तेव्हा २५० तारे दिसत होते, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत केवळ शंभर उरतील. पण त्या मुलाला दीडशे तारे गेल्याचे कळत नाही. एका रात्रीत ते जात नाहीत. रोज पाहणाऱ्यालाही आज आणि काल यांत फरक दिसत नाही.

आम्हाला याचे उत्तर आकाशात सापडले नाही, घरात सापडले. आखातात वाढलेली आपली कित्येक मुले मराठी समजतात, पण बोलत नाहीत. काहींना समजतही नाही. त्यांना त्यावाचून काही अडत नाही. शाळा इंग्रजीत, खेळ इंग्रजीत, मिस्साही इंग्रजीत. उणीव भासते काय असे विचारले तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणतील. पण सुट्टीत गावी आल्यावर आजी ओट्यावर बसून काही सांगू लागते, आणि नातू हसून मान हलवितो, कारण त्याला त्यातले अर्धे कळलेले नसते. आजीला ते समजते. ती बोलणे आखडते घेते. त्या दोघांच्या मध्ये काहीतरी होते व ते गेले, हे नातवाला ठाऊक नाही म्हणून ते गेले नाही असे आपण म्हणू काय? उणीव न भासणे हा हानी न झाल्याचा पुरावा असू शकत नाही. उणीव ओळखण्याची शक्तीच त्या गेलेल्या वस्तूबरोबर गेलेली असते. आणि आमच्या मते हानी पुरती होते ती तेव्हाच.

एक मोह मात्र टाळला पाहिजे, आणि तो आपल्यासारख्या श्रद्धाळू माणसांना अधिक होतो. धुरक्यामागे दडलेले तारे पाहिले की चटकन प्रवचन सुचते: तारे दिसत नसले तरी आहेत, तसाच परमेश्वर, धीर धरा. दृष्टान्त सुंदर आहे आणि धुळीच्या पडद्यापुरता तो खराही आहे. शमाल थांबतो, हिवाळ्यात पावसाची एखादी सर येते, हवा धुतली जाते आणि दुसऱ्या रात्री आकाश खोल दिसते. धूळ माणसाच्या हुकमात नाही. तिच्यापुढे धीर हाच गुण. पण दिव्यांचा पडदा कुठल्याही पावसाने धुतला जात नाही. तो आपण रोज संध्याकाळी कळ दाबून पसरतो. त्याच्यापुढे धीर धरण्याचा उपदेश करणे म्हणजे आपल्या हाताने झालेल्या गोष्टीची जबाबदारी देवाच्या खात्यावर मांडणे होय. दुष्काळाला आणि साठेबाजीला एकच प्रार्थना पुरत नाही. निसर्गाने झाकलेले आणि माणसाने झाकलेले यांत भेद करण्याचे सोडून दिले, तर श्रद्धेचा उपयोग डोळे उघडण्याऐवजी मिटण्याकडे होऊ लागतो.

हे सारे आम्ही पुतण्यापुढे बोललो नाही. त्याला केवळ एक प्रश्न विचारला: कुणाचेही काही न बिघडता यांतले कोणते दिवे बंद करता येतील? आपल्या धंद्यातला प्रश्न म्हटल्यावर तो खुलला. इमारतीच्या पायथ्यापासून वर मारलेल्या झोतांचा बराचसा प्रकाश भिंतीला लागतच नाही, सरळ वर निघून जातो, असे त्याने सांगितले. रात्री दोननंतर दर्शनी रोषणाई पाहावयास रस्त्यावर कुणी नसते. दिव्यांवर झाकण बसविणे, तोंड खाली वळविणे, मध्यरात्रीनंतर आपोआप मंद होतील अशी योजना करणे, ही सर्व कामे करता येतात. “आणि ती कामे करायला माणसे लागतीलच की, काका.” म्हणजे परतीच्या विमानाची धास्ती बाळगण्याचे कारण निदान पुष्कळसे कमी होते.

असे करून दाखविलेले एक शहर आहे, आणि तेही वाळवंटातच. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टुसॉन. शहरापासून दूर डोंगरावर १९५८ पासून किट पीक वेधशाळा आहे. तिचे आकाश राखावे म्हणून टुसॉनने १९७२ साली बाहेरच्या दिव्यांसंबंधी नियम केले. अंधाऱ्या आकाशाच्या रक्षणासाठी झटणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ मध्ये याच गावात स्थापन झाली. तेथे नंतर झालेल्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट उघड झाली. उपग्रहाला दिसणाऱ्या शहराच्या एकूण प्रकाशात रस्त्यावरच्या दिव्यांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी होता. उरलेला सगळा दुकाने, जाहिराती, मैदाने, आवार, घरे यांचा. रात्रपाळीच्या परिचारिकेचा दिवा हा मुख्य गुन्हेगार नव्हेच.

टुसॉनशी आपल्या ख्रिस्तसभेचेही नाते आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेची पुनःस्थापना केली तेव्हा तिच्या दुर्बिणी व्हॅटिकनमध्येच होत्या. रोमचे दिवे वाढले, म्हणून पोप पायस अकरावे यांच्या काळात १९३० च्या दशकात ती कास्टेल गांदोल्फो येथे हलली आणि येशूसंघीयांकडे सोपविण्यात आली. दिवे तेथेही पोहोचले. मग १९८१ साली वेधशाळेने संशोधनाची शाखा टुसॉनला नेली, आणि १९९३ पासून ॲरिझोनातील माउंट ग्रॅहॅमवर तिची दुर्बीण आहे. (तो पर्वत अपाची आदिवासींना पवित्र, म्हणून तेथल्या बांधकामाला त्यांच्यातून विरोध झाला होता. आकाश वाचविण्याच्या खटपटीतही कुणाची तरी भूमी दुखावते.) शंभर वर्षांत दोनदा दिव्यांपासून पळालेली ही वेधशाळा.

पळणे सर्वांना शक्य नसते. आखातातही ज्यांच्याकडे मोटार व सवड आहे ते शुक्रवार-शनिवारी अबू धाबीच्या दक्षिणेस अल कुआच्या बाजूला जातात; हवा चांगली असेल तर तेथे आकाशगंगा अजून दिसते. तिकीट काढून वाळवंटात नेणाऱ्या सहली आहेत, त्यांत गालिचे, भोजन आणि दुर्बीण मिळते. आकाश ही गरिबाची एकमेव फुकट वस्तू होती. उंटामागे चालणारा मुलगा आणि खलिफा यांना ती सारखीच दिसे. आता ती विकत मिळते, आणि त्या शहराचे मनोरे बांधणारा मजूर पहाटेच्या बसमध्ये डोके टेकून झोपलेला असतो. आमच्या लेखी दिव्यांच्या प्रश्नातील सर्वांत मोठा अन्याय हाच.

आखाताकडे बोट दाखविताना आपलेही अंगण पाहावे. आमच्या लहानपणी वसईच्या वाडीतून आकाशगंगा दिसे. आज तेथून मृगाचे बाण दिसले तरी समाधान मानावे लागते. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही आनंदाची वार्ता. पण वाघासाठी राखलेल्या रानात जाऊन तारे पाहावे लागावेत, हे काही फार भूषणावह नाही. सणाला चर्चच्या दर्शनी भिंतीवर आपण रोषणाई करतो ती जरूर करावी. सण संपल्यावर आठ-पंधरा दिवस रात्रभर ते झोत कुणासाठी जळत असतात, हे आपापल्या धर्मग्राम समितीत विचारून पाहण्यास हरकत नाही. नाताळची कागदी चांदणी खिडकीत असावी. तिच्यामुळे वरची चांदणी झाकली जाऊ नये, इतकेच.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. हिवाळ्यातील रात्र निवडावी, शक्य तर पाऊस किंवा जोराचा वारा होऊन गेल्यानंतरची. गच्चीवर टाकीच्या किंवा जिन्याच्या आडोशाला उभे राहावे, म्हणजे दिवा थेट डोळ्यांत येत नाही. वीस-पंचवीस मिनिटे फोनकडे पाहू नये; डोळ्याला अंधाराची ओळख पटावयास तेवढा वेळ लागतो. आधी डोक्यावर पाहावे, मग हळूहळू खाली. जानेवारीच्या मध्यास रात्री अकराच्या सुमारास दुबईत दक्षिणेकडे तोंड केले, तर उंचावर व्याध दिसेल, आणि त्याच्या जवळजवळ सरळ खाली, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर, हवा नितळ असेल तर सुहैल. वसईत त्याच रात्री तो साडेअकराच्या आत दक्षिणेला सर्वांत उंच येतो, आणि आपल्या अंगणावरून गेल्यानंतर साधारण एका तासाने त्यांच्या गच्चीसमोर येतो.